२९७, ४४१००, ४४०... हे आकडे कुणी ठरवले?

काटकोन

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. सरळ ३०० का नाही? सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने. ४४,००० का नाहीत? मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर, वाद्यवृंद ४४० हर्ट्झला, मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिनिअरचं निम्मं आयुष्य असले आकडे तक्त्यातून उचलून गणितात टाकण्यात जातं. हे आले कुठून म्हणून विचारावं तर साहेब म्हणतात, "स्टँडर्ड आहे." विषय संपला.

मला मात्र विचारायची खोड आहे. माझ्या मते या आकड्यांच्या दोन जाती असतात. काही पदार्थाच्या स्वभावातून येतात. शिसं-आम्लाचा एक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, त्याला ३ द्यायला लावणं कुणाच्या बापाला जमणार नाही. सहा सेल ओळीनं जोडले की १२.६. बाकीचे बहुतेक आकडे कुणीतरी, कधीतरी, त्या वेळच्या अडचणीतून ठरवले आणि पुढच्यांनी ते मोडले नाहीत. घोळ होतो तो दुसऱ्या जातीला पहिलीत घातल्यामुळे. मग 'प्राचीन रहस्य' वगैरे ढकलपत्रं फिरायला लागतात.

कागदापासून सुरुवात करतो, कारण या सगळ्यांत तो देखणा आहे. अट एकच: कागद मधोमध कापला की अर्ध्या तुकड्याचा आकारही मूळ कागदासारखाच हवा, फक्त लहान. लांबी-रुंदीचं गुणोत्तर क्ष धरा, समीकरण मांडा, क्षचा वर्ग २ येतो. म्हणजे गुणोत्तर २चं वर्गमूळ, १.४१४. दुसरं कुठलंही गुणोत्तर चालत नाही. गेऑर्ग लिश्टेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १७८६ साली एका पत्रात हे लिहून ठेवलंय. बीजगणित शिकायला आलेल्या एका तरुण इंग्रजाला त्यानं हे गणित घातलं होतं. उत्तर आल्यावर तसा कागद कापावा म्हणून कात्री घ्यायला गेला, तर घरातला लिहायचा कागद आधीच त्या मापाचा निघाला! कारागिरांना ते माप ठाऊक होतं, फक्त लिहून ठेवायची गरज त्यांना पडली नसावी.

१९२२ साली जर्मनीत वाल्टर पोर्स्टमानच्या पुढाकारानं त्याचं मानक झालं. त्यात एक भर पडली: सगळ्यात मोठ्या ए-शून्य कागदाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर. त्यावरून माप येतं ८४१ बाय ११८९. आता निम्मं करत जा आणि अपूर्णांक सोडून द्या: ५९४, ४२०, २९७, २१०. तीनशेला तीन कमी का, तर हे. शेपटीचा आकडा आहे तो.

मोरचूद

मस्त! फोटोकॉपी मशीनवर ७१ टक्के आणि १४१ टक्के अशी विचित्र बटणं असतात ती यामुळेच का? मला आजवर वाटायचं की बनवणाऱ्याचा काहीतरी गोंधळ झालाय.

काटकोन

मोरचूद, अगदी तेच. ए-थ्रीचं ए-फोर करायचं तर लांबी ०.७०७ पट, उलट जायचं तर १.४१४ पट. कडेला रिकामी पट्टी राहत नाही, काही कापलंही जात नाही. अमेरिकेतला 'लेटर' कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा, तो निम्मा केला की आकार बदलतो. तिथे लहान प्रत काढली की कुठेतरी समास फुगणार.

अजून एक. चौरस मीटरची अट कशाला घातली, ते वजन करताना कळतं. पुडक्यावर '८० जीएसएम' लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. ए-फोर हा त्याचा सोळावा भाग, म्हणून एक कागद ५ ग्रॅम. पाकिटात किती पानं घातली हे मोजलं की वजन तोंडी सांगता येतं. घरात चांगला काटा नसेल तर बारीकसारीक वजनाला मी कागदच वापरतो.

रीळ

सीडीची गोष्ट मी ऐकलीय ती अशी: बीथोव्हेनची नववी सिम्फनी एका तबकडीत बसावी म्हणून ७४ मिनिटं ठरली. ४४,१००ला पण तसंच काही कारण आहे का?

काटकोन

बीथोव्हेनची गोष्ट गोड आहे, पण ती तबकडी बनवण्यात ज्यांचा हात होता त्या फिलिप्सच्या कीस इमिंक यांनीच ती फार मनावर घेऊ नका असं लिहिलंय. सोनी आणि फिलिप्स यांच्यातली व्यापारी ओढाताण हे त्यांच्या मते खरं कारण.

४४,१००चं कारण जास्त मजेशीर आहे. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. ते नीट पकडायला सेकंदाला ४०,०००पेक्षा जास्त नमुने हवेत, शिवाय गाळणीसाठी थोडी मोकळी जागा. म्हणजे ४२,००० चाललं असतं, ४५,०००ही चाललं असतं. इथवर निसर्ग. पुढचं सगळं माणसाचं.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस एवढी माहिती साठवायला परवडेल असं साधन एकच होतं, व्हिडिओ टेप. म्हणून आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्राच्या जागी नोंदवायचे. पडद्यावर बघितलं असतं तर नुसती वळवळणारी चौकटी-चौकटीची जाळी दिसली असती. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रं (म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी, ओळीत ३ नमुने. गुणाकार करा: ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० क्षेत्रं, २९४ ओळी, ३ नमुने. पुन्हा ४४,१००. दोन्हीकडच्या यंत्रांवर बसणारा आकडा सापडला, मग कोण सोडतो? व्हिडिओ टेप गेली, सीडीही चालली, आणि आजही तुमच्या फोनमधलं गाणं बहुधा ४४,१००नेच वाजतंय.

शून्याधिक

अहो, पण २१० गुणिले २१० किती होतात बघा. ४४,१००!! ए-फोरच्या रुंदीचा वर्ग म्हणजे सीडीचे नमुने. आता बोला. :)

मोरचूद

हाहा, हे उद्या सकाळी 'विज्ञानही चकित' म्हणून परत माझ्याकडे येणार.

काटकोन

शून्याधिक, दंडवत. हा शुद्ध योगायोग, पण बेमालूम. २१० म्हणजे २×३×५×७, पहिल्या चार मूळ संख्यांचा गुणाकार. सहज भाग जाणारे आकडे माणसं पुन्हापुन्हा निवडतात, म्हणून असे योगायोग वाटतात त्यापेक्षा जास्त घडतात. पिरॅमिडची उंची आणि अमुक ग्रहाचं अंतर वगैरे जे जुळवतात त्यांचा सगळा धंदा यावरच चालतो.

सुरपेटी

मी गाण्यातली आहे म्हणून विचारते. ४४० हर्ट्झ हा कृत्रिम, माणसाला अस्वस्थ करणारा सूर आहे आणि ४३२ हा निसर्गाचा सूर आहे, असं बरेच जण छातीठोक सांगतात. काही जण तर सगळी गाणी ४३२ला उतरवून ऐकतात. मला स्वतःला उतरवलेलं जरा मऊ वाटलं. यात तथ्य किती?

काटकोन

सुरपेटीताई, मऊ वाटलं ते खरं असणार, सूर खाली आला की तसं वाटतं. फरक साधारण ३२ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांश. पण 'निसर्गाचा' म्हणण्याला आधार नाही, आणि त्याचं कारण आकड्यातच आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं. आणि सेकंद? दिवसाचे २४, त्याचे ६०, त्याचे पुन्हा ६० असे भाग माणसांनी पाडले. साठाची सवय बाबिलोनची.

फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९३ साली दशमान वेळ आणली होती. दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं, मिनिटाचे १०० सेकंद. तो सेकंद आपल्या ०.८६४ सेकंदांएवढा. ते घड्याळ टिकलं असतं तर याच ४३२च्या सुराला आज आपण ३७३.२ म्हटलं असतं. तार तीच, हवा तीच, कान तोच. मग ४३२ या अंकात जादू कुठून येणार?

४४० हा कुणाचा कटही नव्हे. १८५९ साली फ्रान्सनं ४३५ ठरवलं होतं, इतर ठिकाणी त्याच्या वर-खाली काहीही चालायचं. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० ठरलं. ४३९वरही लोक येऊन थांबले होते, पण रेडिओवरून प्रमाण सूर ऐकवायचा तर तो विजेच्या मंडलातून (सर्किटमधून) काढावा लागतो, आणि ४३९ ही मूळ संख्या! भागाकार-गुणाकारानं ती निघत नाही. ४४० निघतो: १० लाख हर्ट्झच्या स्फटिकाचे हजार भाग करा, ११ने गुणा, २५ने भागा. सुराच्या भांडणाचा निकाल निम्मा मंडल जोडणाऱ्यांनी लावला म्हणायचा.

सुरपेटी

४३९ मूळ संख्या म्हणून नापास, हे भारी आहे! पण बासरीवाले थंडीत कायम कुरकुरतात की वाद्य उतरतं. त्यांचं काय?

काटकोन

त्यांचं रास्त आहे. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो आणि नळीतल्या हवेचा सूर त्या वेगाबरोबर वर-खाली होतो. २० अंशांच्या हवेत ४४० देणारी नळी १० अंशांच्या हवेत किती देईल? २९३ आणि २८३ केल्विनच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घ्या, उत्तर ४३२.४ येतं. म्हणजे निसर्गाचा सूर हवा असेल तर खोली दहा अंशांनी गार करा. :) वाजवणाऱ्याच्या श्वासानं नळी तापत जाते, म्हणून प्रत्यक्षात उतार इतका येत नाही. वाजवण्याआधी नुसतं फुंकत बसतात ते त्यासाठीच.

उलटतपासणी

वाचतोय. तुम्ही सुरुवातीला २.४५ गिगाहर्ट्झ म्हणालात. तो आकडा तरी पहिल्या जातीचा ना? पाण्याचा रेणू त्याच वारंवारतेला थरथरतो म्हणून अन्न गरम होतं, असं आम्हाला शाळेत शिकवलंय.

काटकोन

तोही दुसऱ्याच जातीचा. पाण्याच्या रेणूचं एक टोक धन, एक ऋण. बाहेरचं विद्युतक्षेत्र दिशा बदलत राहिलं की रेणू त्याच्या मागे वळायचा प्रयत्न करतात, शेजाऱ्यांना अडखळतात, आणि त्या अडखळण्याची उष्णता होते. हे कुठल्या एका ठरावीक वारंवारतेला घडत नाही, फार रुंद पट्ट्यात घडतं. साध्या तापमानाला पाणी सगळ्यात जोरात शोषून घेतं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे ओव्हन चालवला तर वरची साल करपेल आणि आत गारढोण. कारखान्यांतले मोठे ओव्हन ९१५ मेगाहर्ट्झवरही चालतात, तेही पाणीच तापवतात.

२.४५ निवडला गेला तो लहरींच्या वाटपात. १९४७ साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रेडिओचे पट्टे वाटताना काही तुकडे संदेशवहन सोडून इतर कामांसाठी, म्हणजे उद्योग, विज्ञान, वैद्यक यांना दिले. त्यातला हा एक. इथे ओव्हन गोंगाट करणार म्हटल्यावर दुसरं कुणी त्या गल्लीत यायला तयार नव्हतं. १९८५ साली अमेरिकेनं असे पट्टे परवान्याशिवाय संदेशवहनाला मोकळे केले, आणि १९९७ साली वायफायचं पहिलं मानक आलं ते या फुकटच्या जागेत. ओव्हन सुरू केला की व्हिडिओ अडकतो, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

नीट बघितलंत तर व्हिडिओ पूर्ण बंद पडत नाही, कण्हत चालतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनची लहरनळी विजेच्या प्रत्येक आवर्तनात साधारण निम्माच वेळ पेटलेली असते. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला ५० वेळा शांतता मिळते, आणि वायफाय त्या फटींतून माहिती सरकवतं.

उलटतपासणी

रोचक. मग फोन बंद ओव्हनमध्ये ठेवून त्यावर कॉल करायचा, वाजला तर ओव्हन गळतोय, ही चाचणी बरोबर की चूक?

काटकोन

चूक. फोनला लागणारा सिग्नल इतका क्षुल्लक असतो की मिलिवॉटचा एक हजार-कोटीवा भाग मिळाला तरी तो वाजतो. दारानं ९९.९९९ टक्के अडवलं तरी उरलेल्यात त्याचं भागतं. शिवाय तो बऱ्याचदा भलत्याच पट्ट्यावर बोलत असतो. दाराच्या काचेतली जाळी बघा: भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, आणि आतली लहर १२ सेंटिमीटर लांब. ती त्या भोकातून निसटत नाही, प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान म्हणून आतलं दिसतं. दार वाकलंय, बिजागरी सैल झालीय, कडेची पट्टी जळलीय, हे तपासा. फोन खिशात ठेवा.

खडीफोड

रेल्वेचं राहिलं की! दोन रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर म्हणजे दोन रोमन घोड्यांच्या ढुंगणांची रुंदी, आणि त्यामुळेच अवकाशयानाचे रॉकेट बूस्टर तेवढे, कारण ते रेल्वेच्या बोगद्यातून न्यायचे होते. ही गोष्ट मी निदान शंभर जणांना सांगितली असेल. आता खोटी म्हणू नका.

काटकोन

खडीफोड, शंभर फोन करावे लागणार तुम्हाला. :)

गाडीला घोडे जुंपले की चाकांतलं अंतर घोड्यांच्या बेतानंच राहणार, इतपत ठीक. इंग्लंडमधल्या खाणींच्या गाड्यांचे रूळ साधारण त्या मापाचे होते, रेल्वे बांधणारा इंजिनिअर जॉर्ज स्टीफनसन तिथूनच आला आणि ते माप बरोबर घेऊन आला. पण ते एकमेव होतं असं नाही. ब्रुनेल या दुसऱ्या इंजिनिअरनं ग्रेट वेस्टर्न रेल्वेला ७ फुटांहून थोडी जास्त रुंदी दिली, आणि चालायला ती उत्तम होती. तरी १८४६च्या कायद्यानं स्टीफनसनचं माप जिंकलं, कारण त्याचे रूळ तोवर कितीतरी जास्त लांबीचे पडले होते. १८९२मध्ये ग्रेट वेस्टर्नचा शेवटचा रुंद रूळही उखडला. रशियात १५२०, भारतीय उपखंडात १६७६. सगळीकडचे घोडे काही वेगळ्या मापाचे नव्हते.

अमेरिकेच्या दक्षिणेत तर ५ फुटी रूळ होते. १८८६च्या मे अखेरीस दोन दिवसांत तिथल्या हजारो मैलांचा एक-एक रूळ ३ इंच आत सरकवला. आधीच बरेचसे खिळे उपटून ठेवले होते, नवीन जागी खिळे ठोकून ठेवले होते, माणसं रांगेनं उभी केली होती. रोमपासून अढळ चालत आलेलं माप असं दोन दिवसांत हलत नसतं. आणि बूस्टरचा व्यास ३.७ मीटर आहे. बोगद्याची रुंदी डब्याच्या आकारावर ठरते, रुळांतल्या अंतरावर नाही.

बाराखडी

तुमचं म्हणणं कळलं, पण मला ते जरा भाबडं वाटतंय. 'पुढच्यांनी ते मोडले नाहीत' म्हणता, प्रत्यक्षात ज्याच्याकडे आधी माल होता त्यानं बाकीच्यांच्या गळ्यात मारलं. ब्रुनेलचा रूळ चांगला असून हरला, हे तुम्हीच सांगताय. कीबोर्डचंही तेच. १८७०च्या दशकातल्या टाइपरायटरची अक्षरांची मांडणी आजही काचेच्या पडद्यावर. ड्वोरॅकनं १९३६ साली पेटंट घेतलेल्या मांडणीला कुणी विचारलं नाही. आणि भारतीय लिप्यांसाठीचा आपला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड बघा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग-घ एका कळीवर, त-थ एका. बाराखडी येणाऱ्याला अर्धा कीबोर्ड आपोआप पाठ होतो. इतकं शहाणपण असून मी स्वतः हे सगळं रोमन अक्षरं बडवून मराठीत उमटवतेय. याला मान्यता म्हणायचं की आळस?

काटकोन

बाराखडी, दोन्ही. आणि गळ्यात मारण्याबद्दल सहमत, पण एक पुस्ती जोडतो. टाइप करणाऱ्यांचा वेग कमी व्हावा म्हणून ती मांडणी मुद्दाम वाईट केली, हे जे सांगतात ते मला पटत नाही. इंग्रजीत सारखी लागोपाठ येणारी ई आणि आर ही अक्षरं तिथे शेजारीशेजारी आहेत. वेग मारायचा असता तर तीच आधी लांब केली असती.

जोरजबरदस्तीनं सगळं जमत नाही याचा पुरावा वर आलाच आहे. फ्रान्सच्या क्रांतिकारकांकडे सत्ता होती, कायदा होता, गिलोटिन होतं. तरी दशमान घड्याळ चाललं नाही. एप्रिल १७९५च्या ज्या कायद्यानं मीटर, लिटर, ग्रॅम पक्के केले त्याच कायद्यानं दशमान वेळ स्थगित केली! एकच कागद, एक मूल जगलं, एक गेलं. माझा अंदाज असा: लांबी आणि वजनाची मापं तेव्हा गावोगाव वेगळी होती, लोक त्या भांडणांना कंटाळले होते. वेळेबद्दल भांडण नव्हतंच. सगळ्यांची घड्याळं आधीच एका भाषेत बोलत होती, ती फोडायची कशाला?

बाराखडी

हे मान्य. म्हणजे भांडण असेल तिथेच नवीन मानक घुसतं.

खडीफोड

भांडण असूनही न सुटलेलं उदाहरण आहे का एखादं? माझी गोष्ट गेली, आता बदली गोष्ट द्या.

काटकोन

घ्या, ही खरी आहे. जपानमध्ये १८९०च्या दशकात टोकियोनं जर्मनीच्या एईजीकडून ५० हर्ट्झची जनित्रं आणली आणि ओसाकानं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० हर्ट्झची. आजही पूर्व जपान ५०वर, पश्चिम ६०वर. दोन जाळी सरळ जोडता येत नाहीत, मध्ये वारंवारता बदलणारी केंद्रं लागतात. २०११च्या भूकंपानंतर पूर्वेची वीजकेंद्रं बंद पडली तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही पलीकडे नेता येत होती ती फक्त १ गिगावॉटच्या आसपास. त्यानंतर केंद्रांची क्षमता वाढवायला घेतली, पण एक बाजू बदलून टाकायचा विचार मागेच पडला. इतकी यंत्रं कोण बदलणार?

मोरचूद

मालवाहू कंटेनरचं तरी सगळं जुळतं ना? जहाज, ट्रक, रेल्वे, सगळीकडे तोच डबा.

काटकोन

डबा जुळतो, आतला माल जुळत नाही. कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर. युरोपातला प्रमाण लाकडी पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचा. एक उभा आणि एक आडवा ठेवला की २ मीटर, उरलेले ३५ सेंटिमीटर वाया. तीन उभे ठेवायला २.४ मीटर हवेत, म्हणजे ५ सेंटिमीटरसाठी अडतं. दोन्ही मानकं आपापल्या जागी पक्की आहेत. मग त्या फटीत काय करतात? हवा भरलेल्या पिशव्या कोंबतात, माल हलू नये म्हणून. त्या पिशव्यांचेही प्रमाण आकार आहेत.